दोन ग्राफिक्स कार्डं, एक एसएमपीएस: बेरीज बरोबर येऊनही मशीन का बंद पडतं

माझा मावसभाऊ नाशिकच्या इंदिरानगरमध्ये बिल्डरांसाठी इमारतींचे वॉकथ्रू, म्हणजे आत फिरून दाखवणारे संगणकी व्हिडिओ, बनवतो. एका कार्डावर रात्र-रात्र रेंडर (सीनवरून एकेक चित्र तयार करायचं काम) चालायचा, म्हणून त्यानं आरटीएक्स ३०९० ची दोन जुनी कार्डं मिळवली. प्रत्येकावर २४ जीबी मेमरी, त्यामुळे अख्खी सोसायटी झाडांसकट एका सीनमध्ये मावते. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, मात्र नवा घेतला, १००० वॅटचा, गोल्ड दर्जाच्या कार्यक्षमतेचा. आठवड्यात फोन आला, "दादा, गेम दोन-दोन तास चालतो, पण रेंडर दाबला की मशीन गपकन बंद."

गेलो. त्यानं ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर उघडून रेंडरचं एफ-१२ दाबलं. पंखे वेग घेतायत तोवर कॅबिनेटमधून बारीक 'टक' ऐकू आलं आणि सगळं काळं. निळा पडदा नाही, एरर नाही. पॉवर बटण दाबलं तरी हूं की चूं नाही. एसएमपीएसच्या मागचं स्विच बंद करून दहा-पंधरा सेकंद थांबलो, पुन्हा चालू केलं, तेव्हा कुठे उठलं.

हे 'मागचं स्विच पाडल्याशिवाय उठत नाही' लक्षण नीट लक्षात ठेवा. मशीन आपोआप रीस्टार्ट होत असेल तर कारण रॅम, ड्रायव्हर, तापमान, काहीही असू शकतं. पण एसएमपीएस स्वतःला कुलूप लावून बसत असेल, तर बहुधा त्याच्या संरक्षण सर्किटनं करंट मर्यादेपलीकडे गेलेला पाहिलाय. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ दिसतो तो दोन्ही प्रकारांत. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, त्यावरून निदान होत नाही.

भावानं कागदावर केलेली बेरीज मला दाखवली. कार्डं ३५० अधिक ३५०, प्रोसेसर रायझन ९ ५९५०एक्स चा १४२, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून साधारण ७०. एकूण ९१२. हजारातून ८८ वॅट शिल्लक. बेरीज चोख होती. पण ती सरासरीची बेरीज होती, आणि एसएमपीएस बंद पडतो तो सरासरीवर नाही, सगळ्यात वाईट क्षणावर.

आधी एक प्रश्न: दुसरं कार्ड खरंच हवं का?

गेमसाठी विचारत असाल तर नको. दोन कार्डं जोडून एकच गेम पळवायच्या एसएलआयचे दिवस संपले. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियानं नव्या गेमसाठी एसएलआय प्रोफाइल देणं थांबवलं, आणि ४०९० वर तर दोन कार्डांना पुलासारखा जोडणारा एनव्हीलिंकचा जोडच नाही. दुसरं कार्ड नुसतं खोली तापवत बसेल.

रेंडरिंगची गोष्ट वेगळी. ब्लेंडरचं सायकल्स, ऑक्टेन, रेडशिफ्ट ही इंजिनं दोन कार्डांना कुठल्याही पुलाशिवाय कामाला लावतात. व्हिडिओ एडिटिंगच्या दाविंची रिझॉल्व्हमध्ये दोन कार्डं वापरायची तर विंडोजवर पैसे भरून घेतलेली स्टुडिओ आवृत्ती लागते. लग्नाचे व्हिडिओ करणारे बरेच जण फुकट आवृत्तीवर असतात आणि दुसरं कार्ड घेऊन बसतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणाऱ्यांना दोन कार्डांची मेमरी मिळून मोठं मॉडेल बसवता येतं, त्यांचंही गणित जमतं.

बेरीज करायची ती अशी

प्रोसेसरच्या डब्यावरचा टीडीपी, म्हणजे तिथे छापलेला वॅटचा आकडा, धरू नका. रायझन ९ ७९५०एक्स वर १७० लिहिलेलं असतं, पण तो २३० वॅटपर्यंत ओढतो. इंटेलचा आय९-१४९००के डब्यावर १२५ आणि टर्बोत २५३. एएमडीत 'पीपीटी' आणि इंटेलमध्ये 'मॅक्सिमम टर्बो पॉवर' हा आकडा शोधा. बाकी सामान किरकोळ: रॅमच्या एका पट्टीला चार-पाच वॅट, एनव्हीएमई एसएसडीला आठेक, पंख्याला दोन-तीन. हार्ड डिस्क चालताना दहाच्या आत असते, पण फिरायला सुरुवात करताना वीस-पंचवीस मागते. बोर्ड धरून हे सगळं ६० ते ८० वॅटमध्ये बसतं. त्यात डोकं घालू नका.

डोकं घालायचं ते कार्डांत. कार्डावर लिहिलेले वॅट म्हणजे काही क्षणांची सरासरी. प्रत्यक्षात कार्ड सेकंदाच्या हजाराव्या भागात त्याच्या बरंच वर उडी मारतं आणि परत खाली येतं. सॉफ्टवेअरमध्ये ही उडी दिसत नाही, कारण सॉफ्टवेअर इतक्या झटपट वाचतच नाही. ३०९० ची पिढी या बाबतीत बदनाम आहे. तिच्या उड्या ३५० च्या दीडपटीपलीकडे जातात. एकच कार्ड असेल तर चांगल्या एसएमपीएसच्या कपॅसिटरमधून हे भागून जातं. दोन कार्डं असली की दोघांच्या उड्या एकाच क्षणी पडायची शक्यता येते, आणि रेंडरमध्ये ती शक्यता जवळजवळ वेळापत्रकासारखी असते. फ्रेम सुरू झाली की दोन्ही कार्डं एकदम झोपेतून उठतात, फ्रेम संपली की एकदम बसतात. लग्नाच्या पंगतीत 'वदनि कवळ' संपल्यावर सगळे एकदम हात घालतात, तसं. भावाचा गेम चालत होता याचं कारणही हेच, गेममध्ये एकच कार्ड राबत होतं.

म्हणून मी अशी पद्धत वापरतो. कार्डांचे वॅट, प्रोसेसरचा खरा कमाल आकडा आणि वरचं किरकोळ सामान यांची बेरीज करतो. एसएमपीएस एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा (हे नवं मानक, त्याबद्दल खाली) असेल तर त्या बेरजेवर वीस ते तीस टक्के जोडतो. जुन्या पद्धतीचा असेल तर चाळीस-पन्नास टक्के. हा कुठल्या पुस्तकातला नियम नाही, हात भाजून आलेला अंदाज आहे.

आरटीएक्स ३०६० ची १२ जीबीवाली दोन कार्डं घ्या. प्रत्येकी १७०, म्हणजे ३४०. सोबत ८८ वॅटचा रायझन ७ ७७००, किरकोळ ६०. झाले ४८८. इथे ६५० चालतो, ७५० घेतला तर निश्चिंत. ५०६० टीआयची १६ जीबीवाली दोन कार्डं १८० प्रमाणे धरली तरी ७५० पुरतो. नाशिकमध्ये नुकतंच काम सुरू करणाऱ्या पोरांना मी याच जोड्या सुचवतो. घरचं वायरिंग उकरावं लागत नाही.

भावाच्या ९१२ वर तीस टक्के म्हणजे ११८६. त्याला १२०० चा एटीएक्स ३ हवा होता. दोन ४०९० म्हणजे ९००, वर २३० आणि ८०, झाले १२१०. इथे १६०० लागतो. आणि ५०९० ची दोन? एकेक ५७५ वॅटचं. नुसती कार्डंच ११५० होतात, तोच प्रोसेसर आणि किरकोळ धरून १४६०. बाजारातला १६०० चा एसएमपीएसही त्याला सुखाने झेपणार नाही, कार्डांची पॉवर लिमिट, म्हणजे कार्डानं जास्तीत जास्त किती वॅट ओढायचे ती मर्यादा, खाली आणूनच ते चालवायचं.

पॉवर लिमिट म्हणजे काही कमीपणा नव्हे. ३०९० ला ३५० ऐवजी २८० वर बांधलं तर रेंडरचा वेग फार थोडा पडतो, कारण शेवटचे साठ-सत्तर वॅट कार्ड शेवटच्या मूठभर वेगासाठी जाळत असतं. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिटची पट्टी ८० टक्क्यांवर ओढा, झालं. किंवा कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एनव्हिडिया-एसएमआय या कमांडला 'पीएल' हा पर्याय आणि वॅटचा आकडा द्या. ती मर्यादा मशीन रीस्टार्ट केलं की जाते, पुन्हा द्यावी लागते. भावाच्या मशीनवर मी त्याच संध्याकाळी दोन्ही कार्डं २५० वर बांधली आणि रेंडर सुरळीत सुरू झाला. ही निदानाचीही उत्तम युक्ती आहे. मर्यादा घातल्यावर मशीन टिकत असेल तर संशय एसएमपीएसवर घ्या आणि रॅमच्या पट्ट्या उगाच काढत-घालत बसू नका.

डब्यावरचा मोठा आकडा सोडा, बाजूचं स्टिकर वाचा

एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा. चांगल्या १००० वॅटच्या एसएमपीएसवर ८३ अँपिअर असतात, म्हणजे ९९६ वॅट, जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर. कार्डं आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. कॅबिनेटसोबत आलेल्या एखाद्या '५०० वॅट'च्या डब्यावर मी १२ व्होल्टला २५ अँपिअर पाहिलेत. पंचवीस बारे तीनशे. उरलेले दोनशे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवलेले, जे आजच्या मशीनला फारसे लागतच नाहीत. असा डबा दोन कार्डांच्या मशीनच्या आसपासही आणू नका.

दुसरी गोष्ट एटीएक्सची आवृत्ती. ३.० हे मानक २०२२ मध्ये आलं, ३.१ त्याच्या पुढच्या वर्षी. ३.० मध्ये पहिल्यांदा या उड्यांना कागदावर जागा मिळाली: आपल्या वॅटच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद, १८० टक्के एक मिलिसेकंद, १६० टक्के दहा मिलिसेकंद, असं सोसून एसएमपीएसनं चालू राहिलं पाहिजे. आपल्या कामासाठी मला गोल्ड-प्लॅटिनमपेक्षा हा मुद्दा मोठा वाटतो. भावाचा १००० वॅटवाला खराब नव्हता, जुन्या मानकाचा होता आणि त्याचं संरक्षण चोख होतं. त्यानं आपलं काम केलं.

आता गोल्डचं. दुकानात 'गोल्ड घ्या, लाइटबिल वाचेल' असं ऐकाल. हिशेब करून बघू. २३० व्होल्टच्या मोजणीत अर्ध्या भाराला ब्राँझची कार्यक्षमता ८८ टक्के, गोल्डची ९२. मशीन ६०० वॅट वापरतंय असं धरा. ब्राँझ भिंतीतून ६८२ ओढेल, गोल्ड ६५२. फरक तीस वॅटचा. रोज आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस चालवलं तर सहा युनिट. महिन्याला सहा युनिटसाठी कोणी जास्तीचे पैसे घालणार नाही. तरीही मी गोल्डच घ्यायला सांगतो, कारण मोठ्या वॅटच्या गोल्डमध्ये आतलं सामान सहसा बरं असतं आणि त्या तीस वॅटची उष्णता कॅबिनेटमध्ये राहत नाही. प्लॅटिनम, टायटेनियम मात्र हौस.

उष्णतेवरून आठवलं. काही कंपन्या वॅटचा दावा ४० अंश तापमानाला करतात, काही ५० अंशाला. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये बाहेरच पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत, दोन कार्डांच्या गरम हवेशेजारी बसलेल्या एसएमपीएसच्या आत काय असेल याचा अंदाज करा. ५० अंशाचा दावा आणि १०५ अंशाचे कपॅसिटर लिहिलेले असतील तो घ्या. कॅबिनेटला खाली जाळी असेल तर पंखा खाली तोंड करून बसवा, आणि ती जाळी महिन्यातून एकदा झटका. रस्त्याकडेच्या फ्लॅटमध्ये तर पंधरवड्याने.

केबल: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

वॅट पुरेसे असूनही मशीन जळायचं असेल तर ते इथून जळतं.

८-पिन पीसीआयई कनेक्टर १५० वॅटसाठी असतो, ६-पिन ७५ साठी, आणि स्लॉटमधून कार्डाला ७५ पर्यंत मिळतात. ३०९० च्या बहुतेक कार्डांना दोन किंवा तीन ८-पिन लागतात, म्हणजे दोन कार्डांना चार ते सहा. आता डब्यावर '६ × पीसीआयई' लिहिलेलं बघून खूश होऊ नका. टोकं मोजायची नसतात, एसएमपीएसपासून निघणाऱ्या केबल मोजायच्या असतात. पुष्कळदा एकाच केबलच्या शेवटी दोन टोकं असतात, एक मुख्य आणि त्याला लोंबणारं दुसरं. अशी दोन्ही टोकं एकाच भुकेल्या कार्डात खुपसली की ३०० वॅट एकाच केबलमधून जातात. दोनशे वॅटच्या आतल्या कार्डाला ते चालून जातं. ३०९० ला प्रत्येक ८-पिनला स्वतंत्र केबल द्या. तीन ८-पिन असून केबल दोनच उरल्या, तर एक स्वतंत्र आणि एक जोडटोकाची, इतपत तडजोड मी करतो, त्यापुढे नाही.

नव्या कार्डांना १६-पिनचा कनेक्टर असतो. पहिला १२व्हीएचपीडब्ल्यूआर, सुधारलेला १२व्ही-२×६. कमाल ६०० वॅट. यात पिना बारीक, करंट जास्त, त्यामुळे जोड अर्धवट बसला की वितळतो. बसवताना कार्डाला दुसऱ्या हाताने आधार द्या, सरळ दाबा, खाचेतली फट पूर्ण मिटली का ते टॉर्च लावून बघा. केबल जोडापासून निदान साडेतीन सेंटीमीटर सरळ जाऊ द्या, मग वळवा. बाजूची काच बंद करताना केबल दाबली जात असेल तर कॅबिनेट अरुंद आहे, काच उघडी ठेवा पण केबल मुडपू नका. दोन ४०९० किंवा ५०९० लावायची असतील तर असे दोन जोड थेट देणारा एसएमपीएस शोधा. बऱ्याच मॉडेलांत एकच असतो, मग दुसऱ्या कार्डासाठी तीन-चार ८-पिन एकत्र करणारं ॲडॉप्टर लटकवावं लागतं. चालतं, पण कॅबिनेटमध्ये चिंचेचं झाड होतं.

साटा किंवा मोलेक्स, म्हणजे डिस्क-पंख्यांना वीज देणाऱ्या जोडांवरून ८-पिन बनवणारी स्वस्त ॲडॉप्टर मिळतात. साटाचा पॉवर कनेक्टर १२ व्होल्टला साडेचार अँपिअरचा, म्हणजे ५४ वॅट. त्याच्याकडून दीडशे मागितले तर प्लॅस्टिकचा वास आधी येतो, धूर नंतर. घेऊच नका.

आणि ही चूक शहाणीसुरती माणसंही करतात: जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल नव्याला लावणं. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकात कुठल्या पिनला काय, याला कसलंच मानक नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. टोक अगदी फिट्ट बसतं, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन हार्ड डिस्क मरते. डेटा गेल्यावर समजतं. नवा एसएमपीएस आला की जुन्याच्या सगळ्या केबल काढून त्याच्याच पिशवीत भरून ठेवा.

प्रोसेसरचा ८-पिन (४ अधिक ४) आणि कार्डाचा ८-पिन (६ अधिक २) दिसायला भाऊ-भाऊ, पण आत धन-ऋण उलटे. जोर लावावा लागतोय असं वाटलं की हात थांबवा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. दोन्ही कार्डं स्लॉटमधून जे ओढतात ते मदरबोर्डाच्या २४-पिनमधून येतं, आणि त्या चोवीस पिनांत १२ व्होल्टच्या फक्त दोन आहेत. काही चांगल्या बोर्डांवर स्लॉटजवळ किंवा खालच्या कडेला जादा ६-पिनचा किंवा मोलेक्सचा जोड दिलेला असतो. तो शोभेचा नाही, त्यात केबल लावा.

भिंतीतला पॉइंट

भावाकडे नवा १२०० चा एसएमपीएस बसवला, कार्डं पुन्हा ३५० वर सोडली, रेंडर चालला. तासाभराने सहज प्लगला हात लावला तर चटका. त्यानं मशीन, दोन मॉनिटर आणि स्पीकर एका एक्स्टेंशन बोर्डावर घेतलेले, आणि तो बोर्ड पलंगामागच्या साध्या छोट्या सॉकेटमध्ये. वायरमनला बोलावलं. त्यानं सॉकेट उघडलं, आतली पितळी पट्टी काळी-तपकिरी पडलेली. म्हणाला, "साहेब, हा मोबाइल चार्जरचा पॉइंट. इथं तुम्ही गिझर लावलाय."

गणित बघा. एसएमपीएस ९०० वॅट देतोय म्हणजे भिंतीतून हजाराच्या आसपास ओढतोय. २३० व्होल्टला ४.३ अँपिअर. छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे कागदावर बसतं. पण संध्याकाळी व्होल्टेज १९० ला आलं तर? बल्ब मंद होतो, संगणक मंद होत नाही. त्याला तितकेच वॅट हवे असतात, म्हणून तो करंट वाढवतो: ५.३ अँपिअर. वर मॉनिटर. सैल पडलेल्या जुन्या सॉकेटमध्ये, तासन् तास. १६०० वॅटच्या मशीनला तर पूर्ण भाराला पावणेआठ अँपिअर लागतात, तिथे छोट्या सॉकेटचा प्रश्नच येत नाही.

म्हणून हजारच्या पुढच्या मशीनला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, मेन बोर्डापासून स्वतंत्र अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने ओढलेला, स्वतःच्या एमसीबीसह. एसी ज्या लाइनवर आहे ती नको. काही मोठ्या एसएमपीएसच्या मागचं सॉकेटच वेगळं, रुंद, १६ अँपिअरचं असतं. त्याला नेहमीची संगणकाची केबल बसत नाही, डब्यात आलेलीच वापरा. केबलच्या मोठ्या थ्री-पिनला छोट्यात बसवणारं कन्व्हर्टर विकत मिळतं, त्यानं पिन बदलते, भिंतीतली वायर बदलत नाही.

अर्थिंग तपासून घ्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून वायरमनला तीन मापं घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ खूपच कमी किंवा नाचरं दिसलं तर अर्थिंग नावालाच आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्याही त्यामुळेच, आणि स्पाइक गार्ड अर्थिंगशिवाय निम्म्या कामाचा. वळवाच्या पावसात गंगापूर रोडकडून काळे ढग येताना दिसले की मी तर मशीन बंद करून प्लगच काढतो.

स्टॅबिलायझर घ्यावा का, असं हमखास विचारतात. बहुतेक चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना त्याची गरज नाही. काही मोठे मात्र २०० च्या खाली चालत नाहीत किंवा कमी वॅट देतात, ते स्टिकरवर लिहिलेलं असतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांलगत व्होल्टेज फार हलत असेल तर आधी महावितरणकडे तक्रार, मग पुढचं.

यूपीएसचं दुखणं वेगळं. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. हजार वॅटच्या मशीनला निदान २ केव्हीए लागेल आणि तोही साइन वेव्हचा, कारण चौकोनी वेव्हवर चांगल्या एसएमपीएसचं ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून येणारा करंट नीट आकारात ओढणारं) सर्किट अडखळतं आणि लाइट जाताच मशीन बंद पडू शकतं. घरचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांचा आहे, त्याच्यावर हे ओझं टाकू नका. बजेट नसेल तर सोपा उपाय म्हणजे व्हिडिओ थेट एका फाइलमध्ये रेंडर न करता फ्रेमगणिक चित्रं सेव्ह करा. लाइट गेली तर एक फ्रेम जाते, रात्र जात नाही.

खरेदी

कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोडकडच्या दुकानांत ६५० ते ८५० सहज मिळतात. १२०० च्या पुढे 'मागवून देतो' हे उत्तर येतं. ऑनलाइन घ्या, नाहीतर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठा. कुठूनही घ्या, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि भारतातल्या अधिकृत आयातदाराचं स्टिकर आहे का ते बघा. चांगल्या कंपन्या गोल्डला दहा वर्षांची वॉरंटी देतात. दोन-तीन वर्षांवर थांबणाऱ्या १२०० वॅटवाल्याकडे मी संशयाने बघतो.

कार्ड जुनं घ्या, एसएमपीएस जुना घेऊ नका. क्रिप्टो मायनिंगमधून निघालेले १६०० वाले स्वस्तात दिसतात. वर्षानुवर्षं चोवीस तास तापलेले कपॅसिटर बाहेरून दिसत नाहीत. दोन छोटे एसएमपीएस जोडून काम भागवायची मायनिंगवाल्यांची युक्तीही पहिल्या मशीनवर करू नका.

निघण्याआधी कॅबिनेट मोजा. साधा एसएमपीएस १४० मिलिमीटर लांब, मोठे १८०-२०० पर्यंत जातात आणि हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडतात.

बसवल्यावर

अर्धा तास दोन्ही कार्डं आणि प्रोसेसर एकदम पूर्ण भाराला लावा. ते टिकलं म्हणजे संपलं असं नाही. उड्या सुरुवातीला आणि शेवटी पडतात, म्हणून एक छोटा सीन घ्या, पाच-सात सेकंदांत संपणारा, आणि तो पन्नास-शंभर फ्रेम चालवा. चालू, बंद, चालू, बंद. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्टचं वाचन ११.४ च्या खाली जाता कामा नये. तो सेन्सर अंदाजे असतो, शंका आली तर मल्टिमीटरनेच मोजा. मग हाताने तपासा: ८-पिनच्या केबल कोमट चालतील, गरम नको. भिंतीतला प्लग तर कोमटही नको.

भावाच्या नव्या पॉइंटवर मी रात्री साडेअकराला असाच हात ठेवून बसलो होतो. प्लग थंड. आत मशीनवर कुठल्याशा सोसायटीच्या क्लब हाउसचा दोनशे बारावा फ्रेम चालला होता, दोन्ही कार्डं ३५० वर. मावशीनं विचारलं, "काय रे, भिंतीला ताप आलाय का?"